चहात बुडवलेला कागद आणि नागपूरचा पावसाळा

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नागपुरातल्या एक ताई दोन वर्षांपासून जुन्या वळणाच्या कागदी वस्तू जमवतात: पोस्टकार्डं, लेबलं, पिवळट-तपकिरी पत्रांचे कागद, काही आर्ट प्रिंट्स आणि हाताने बांधलेली इवलीइवली पुस्तकं. महिन्याला दोन-अडीच हजार जातात. सगळं एका प्लास्टिकच्या डब्यात, डबा कपाटावर. मागच्या पावसाळ्यानंतर उघडला तर दोन पुस्तकं फुगून पंख्यासारखी पसरलेली, एका प्रिंटवर तांबूस ठिपके आणि आत कुबट वास. त्या विचारतात: ठेवायचं कसं? पुढे याला किंमत येईल का? आणि एक कारागीर नऊ पुस्तकांचा संच ४५०० रुपयांना देतोय, तो घ्यावा का?

ताई, उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. फक्त कप कागदांपासून लांब ठेवा, कारण पुढे चहावरच बोलायचं आहे.

मी बाइंडिंग करते, चोवीस वर्षं झाली. वडिलांची नागपूरच्या महाल भागात छोटी प्रेस होती, एक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन, आणि छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या खोक्यांनी भरलेली भिंत. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, असलं काम. ट्रेडल भंगारात गेलं, मी सुईदोऱ्याकडे वळले. जुनी छपाई जमवायचा नाद मात्र तिथलाच.

तुम्ही साठवणुकीचं विचारलंय, पण मला दुखणं दुसरं दिसतं. तुमच्या एका डब्यात तीन वेगळ्या स्वभावाचे कागद राहतात: खरोखर जुने, जुने दिसावेत म्हणून आज रंगवलेले, आणि चांगले नवे. तुम्ही ते विकत घेताना रंग आणि रूप बघितलं, कागद बघितला नाही. त्यातला रंगवलेला गट बाकीच्या दोघांना खराब करतोय.

जुना कागद म्हणजे नाजूक कागद, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. मी दीड-दोनशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद हाताळले आहेत. हातकागद, बोरूने लिहिलेले, काजळीची शाई. शाई अजून काळीभोर आणि कागद घडी घातली तरी तुटत नाही. त्याच घरातलं सत्तर वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र मात्र बोट लावलं की पापडासारखं मोडतं. वय हे कारण नाही. हातकागद चिंध्यांच्या आणि तागाच्या लगद्याचा. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, राहिलेलं, शिवाय त्या काळी यंत्राच्या कागदात तुरटी पडायची. लिग्निन उजेडात पिवळं पडतं, तुरटी कागदात आम्ल सोडते, आणि आम्लाने कागदाचे तंतू आखूड होत जातात. म्हणून तो तुटतो.

आता बाजारात ‘व्हिंटेज’ म्हणून जे कागद मिळतात त्यातले बरेच चहात किंवा कॉफीत बुडवून वाळवलेले असतात. चहातलं टॅनिन, म्हणजे त्याला तुरटपणा देणारं द्रव्य, आम्लधर्मी. म्हणजे चांगला पांढरा कागद घ्यायचा आणि त्याला पहिल्याच दिवशी म्हातारपणाचं औषध पाजायचं. रंग आणखी गडद यावा म्हणून काही जण चहात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, टाकतात. टॅनिन आणि हिराकस एकत्र आले की जुनी लोहशाई तयार होते. युरोपातल्या कितीतरी हस्तलिखितांना त्या शाईने अक्षराच्या आकाराची भोकं पाडली आहेत. असा कागद तुमच्या डब्यात एका चांगल्या प्रिंटला चिकटून चार महिने दमट हवेत राहिला, तर त्याची छाया पलीकडच्या कागदावर उतरणारच.

ओळखायचं कसं? कागद खिडकीशी न्या. खरा जुना कागद कडेने आधी काळवंडतो, भाकरीसारखा, आणि मध्ये फिका राहतो, कारण हवा आणि उजेड कडेलाच पोचतात. चहातल्या कागदाचा रंग सगळीकडे सारखा असतो, नाहीतर जिथे पाणी साचलं तिथे, म्हणजे कोपऱ्यात आणि घडीत, लाटेसारख्या रेघा दिसतात. वास घ्या. नवा असेल तर चहापत्तीचा वास येतोच, बाप्पा. तिसरा प्रकार म्हणजे जुनेपणा नुसता छापलेला: डाग, सुरकुत्या, फाटकी कड, सगळं शाईचं चित्र. कोपरा किंचित फाडून बघा, आत पांढरा निघतो. लोक याला ‘नकली’ म्हणून नाकं मुरडतात. मला विचाराल तर टिकण्याच्या दृष्टीने तोच बरा, कारण त्यात कागदावर काही ओतलेलं नसतं.

म्हणून पहिलं काम: डबा रिकामा करा आणि तीन ढीग करा: खरे जुने, चहाचे आणि नवे. चहाचे कागद वेगळ्या पाकिटात. त्यांना टाकून देऊ नका, वापरा. जर्नलमध्ये चिकटवा, भाचीला पत्र लिहा, राखीच्या पाकिटाला लावा. ते वापरायसाठीच आहेत, जपायसाठी नाहीत.

आता हवेचं बघू. कागदाला गरमीपेक्षा चढउतार जास्त बाधतो, आणि नागपुरात तो चढउतार भयंकर आहे. मे महिन्यात दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली जाते, ऑगस्टमध्ये ८० च्या वर. कागदाला साधारण ४० ते ५५ च्या मध्ये, आणि मुख्य म्हणजे स्थिर, आवडतं. पण पुण्या-मुंबईच्या लोकांचे सल्ले वाचून आपण एक गोष्ट विसरतो, ती म्हणजे कूलर. बाहेर कोरडं रखरखीत, आणि खोलीत कूलर रात्रभर पाण्याची हवा फेकतोय. सकाळी बंद, दुपारी परत सुरू. कागद रोज फुगतो, रोज आकसतो. सगळ्यात वाईट पंधरवडा कोणता? मृगाचा पाऊस आलेला आहे आणि कूलर अजून बंद झालेला नाही, तो. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी निम्मी पुस्तकं त्याच पंधरवड्यात बिघडलेली असतात. तुमचा डबा कूलरच्या खोलीत, त्यातही कपाटावर, म्हणजे छताच्या उष्ण थराला, होता ना? वरचा मजला असेल तर आणखी वाईट.

त्यामुळे कुठे ठेवायचं हे तुमच्या घरावर आहे. खालच्या मजल्यावर जुन्या जाड भिंतींचं घर असेल तर आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटाचा मधला कप्पा पुरे. स्लॅबखालचा फ्लॅट असेल तर ज्या खोलीत कूलर लागत नाही ती खोली. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको, पावसाळ्यात ती भिंत घाम गाळते. तीन-चारशे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते महिनाभर दोन-तीन जागी फिरवा आणि मग जागा ठरवा. अंदाजाने ठरवू नका, मी दहा वर्षं चुकीच्या खोलीत ठेवत होते.

हवाबंद प्लास्टिकचा डबा स्वतः वाईट नाही. वाईट असतं ते ओलं आत कोंडणं. ऑगस्टमध्ये बाजारातून आणलेला कागद थेट डब्यात गेला की त्यातला ओलावा आतच फिरत राहतो. नवी वस्तू आठवडाभर पंख्याखाली सावलीत ठेवा आणि मगच आत घाला. सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण रंग बदलला की त्या संपल्या असं समजा. परत गरम करून वापरता येतात, स्वयंपाकाच्या कढईत मात्र नको. डांबरगोळ्या कागदाजवळ ठेवू नका, त्यांची वाफ कागदावर बसते आणि कागद खाणारी कसर काही त्याने पुरती जात नाही. कसरीला खळ आवडते, अंधार आवडतो आणि ओल आवडते. ओल काढली की ती निम्म्याहून अधिक जाते. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर वाळलेला, आणि कापडाच्या पुरचुंडीत. ओला पाला म्हणजे पुन्हा ओलच.

तुमच्या प्रिंटवरच्या ठिपक्यांबद्दल फोटो न बघता ठाम सांगत नाही. कुबट वास आहे म्हणजे बुरशीचा संशय. तो प्रिंट आज बाजूला काढा, तोंडाला मास्क लावून बाहेर अंगणात किंवा गॅलरीत मऊ ब्रशने हलक्या हाताने झटका. ऊन दाखवायची आपल्याकडे सवय आहे, गाद्यांना दाखवतो तसं. कागदाला नको. ऊन रंग खातं आणि कागद एका बाजूने आकसून वाकडा होतो. घरच्या घरी ठिपके पुसायला किंवा ब्लीच करायला जाऊ नका. ठिपक्यासकट प्रिंट टिकतो, ब्लीचने कुजलेला टिकत नाही.

प्रिंट्सचा विषय निघालाच आहे तर भिंगाबद्दल. दहापट भिंग विकत घ्या, तुमच्या एका महिन्याच्या खर्चाच्या दहाव्या हिश्श्यात येतं. माझी फजिती सांगते. नव्या उत्साहात, हिवाळ्यातल्या एका प्रदर्शनात मी रवि वर्मा प्रेसची म्हणून एक लक्ष्मी घेतली. बारा हजार. कागदावर कॅनव्हाससारखी खरबरीत दाबणी, वार्निशची चमक, खाली प्रेसचं नाव, सगळं होतं. घरी आणून भिंग धरलं तर साडीच्या निळ्यात ठिपक्यांची छोटी छोटी फुलं, एकसारखी, रांगेत. ती ऑफसेटची, म्हणजे आजच्या यंत्रछपाईची, खूण. राजा रवि वर्मांनी १८९४ साली मुंबईत प्रेस काढली, पुढे ती लोणावळ्याजवळ मळवलीला गेली. तिथे छपाई दगडावरची, एका चित्राला अनेक दगड, रंगामागून रंग. त्या छपाईत ठिपके असले तरी हाताने मारलेले असतात, लहानमोठे, वेडेवाकडे, खडूच्या रेघेसारखे. फुलं नसतात. मी बारा हजारांना दोनेकशे रुपयांची नक्कल घेतली होती. फ्रेम मात्र चांगली होती, ती अजून वापरते.

तुमचे प्रिंट आजचे आहेत, त्यामुळे खरं-खोटं असा प्रश्न नाही, पण भिंग तिथेही बोलतं. फुलं दिसली तर ऑफसेट. धुळीच्या फवाऱ्यासारखे सूक्ष्म ठिपके दिसले तर इंकजेट. रंग कागदाच्या वर बसून चकाकत असेल तर लेसर. अक्षराच्या कडेला शाईची गडद कड आणि पाठीमागे बोटाला जाणवणारा दाब असेल तर लेटरप्रेस, म्हणजे खिळ्यांची छपाई. इंकजेट असेल तर विकणाऱ्याला एकच विचारा: शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगपुडीची) की डायची (विरघळणाऱ्या रंगाची)? डायची शाई भिंतीवर काही वर्षांत फिकी पडते, पावसाळ्यात पसरतेही. खाली पेन्सिलने १२/५० असं लिहिलं असेल तर पन्नासांपैकी बारावी प्रत. आकडा कुणीही लिहू शकतो, म्हणून चित्रकाराची सही आणि पन्नासच्या पुढे छापणार नाही हा त्याचा शब्द, दोन्ही असेल तरच त्या आकड्याचे जास्तीचे पैसे द्या.

फ्रेम करताना फ्रेमवाल्याला सांगून ठेवा: प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवायचा नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या, आणि समोर खिडकी कापलेला आम्लमुक्त माउंट, म्हणजे काच कागदाला टेकत नाही. खळ पाण्याने सुटते, पांढरा डिंक सुटत नाही. आपले जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. वडीलही घालायचे. हिशोबाच्या वह्यांना ठीक होतं, पण तांब्याने कागद लवकर कुजतो, म्हणून प्रिंटच्या कामाला साधी, ताजी, त्याच दिवसाची खळ.

आता तुमची पंख्यासारखी पसरलेली पुस्तकं. हा माझा विषय, इथे थोडी रमणार.

इवली पुस्तकं नवी गोष्ट नाही. आपल्याकडे गुटका असायचाच, खिशात मावणारी गीता, स्तोत्रं. ग्लासगोच्या डेव्हिड ब्राइस या प्रकाशकाने १९०० च्या सुमाराला नखाएवढं कुराण काढलं होतं, धातूच्या डबीत, झाकणाला भिंग बसवलेलं. जमवणाऱ्यांमध्ये साधारण मान्य असलेलं माप म्हणजे उंची, रुंदी, जाडी तिन्ही तीन इंचांच्या आत. पण माप छोटं केलं की पुस्तकाचं वागणं बदलतं. मोठ्या पुस्तकात पान स्वतःच्या वजनाने खाली पडतं. दोन इंचाच्या पानाला वजनच नाही, ते जाड असेल तर उभंच राहतं. तुमच्या पंख्यात हे एक कारण.

दुसरं कारण ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा. यंत्राच्या कागदात तंतू एका दिशेला झोपलेले असतात. ओल आली की कागद तंतूंच्या आडव्या दिशेला फुगतो, लांबीच्या दिशेला जवळजवळ नाही. म्हणून तंतू पाठीच्या, म्हणजे शिवणीच्या, समांतर हवेत. मग फुगलं तरी पान बाहेरच्या बाजूला थोडं रुंद होतं, कुणाला कळतही नाही. उलटं असेल तर पान पाठीच्या बाजूने लांब व्हायला बघतं, तिथे ते शिवलेलं आणि चिकटवलेलं असतं, जागा नाही, मग ते लाटा घेतं आणि पुठ्ठ्याला उघडं पाडतं. छोट्या पुस्तकांचे कागद बहुतेक मोठ्या कामाच्या कातरणांतून येतात आणि कातरणाची दिशा कुणी बघत नाही. तुमच्या एका फुगलेल्या पुस्तकातलं कोरं पान हलकेच वाकवून बघा, आधी उभं मग आडवं. जिकडे सहज वळतं तिकडची घडी तंतूंना समांतर. माझा अंदाज आहे की ग्रेन आडवी निघेल.

खऱ्या हातकागदात ही अडचण जवळपास नसते, कारण साच्यात लगदा हलवून तंतू सगळ्या दिशांना पसरतात. आपल्या शेजारी वर्ध्याला मगनवाडीत, गांधीजींचे सहकारी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या काळात हातकागदाचे प्रयोग झाले, त्यांचा ग्रामोद्योग संघ १९३४ चा. पण हातकागद जाड असतो, आणि दोन इंचाच्या पुस्तकाला जाड कागद म्हणजे परत उभी पानं. म्हणून मी मुखपृष्ठाला आणि अस्तराला हातकागद वापरते, आत ५०-६० ग्रॅमचा (चौरस मीटरला) पातळ कागद.

फुगलेली दोन्ही पुस्तकं दुरुस्त होतील बहुतेक. ऑक्टोबरच्या कोरड्यात करा. पानापानांत टीपकागद घाला, पुस्तक मिटून दोन काचांमध्ये ठेवा, वर दोन विटा, पंधरा दिवस. टीपकागद रोज बदला. ग्रेन आडवी असेल तर पुढच्या पावसाळ्यात ती परत फुगतील, हे मनात ठेवून त्यांच्यावर फीत बांधा किंवा त्यांच्या मापाचं घट्ट खोकं करा.

किंमत येईल का? जुन्या वळणाची लेबलं, पोस्टकार्डं, स्टिकर: नाही. हजारोंनी छापली जातात आणि उद्या परत छापता येतात. कापडाच्या ठाणांवरच्या तिकिटांच्या, म्हणजे गिरण्यांच्या चित्रमय लेबलांच्या, नकला मलाही आवडतात, एम्प्रेस मिल या जुन्या कापडगिरणीच्या गावात राहून त्या आवडणारच, पण मी त्या वीस रुपयांच्या वस्तू म्हणूनच घेते. आर्ट प्रिंट: चित्रकारावर आहे, आणि त्यावर पैज लावू नका. हाताने बांधलेली पुस्तकं: करणाऱ्याचं नाव, साल आणि किती प्रती केल्या हे पुस्तकात लिहिलेलं असेल तर थोडी शक्यता. खरोखर जुनं मिळवायचं असेल तर लोक फेकतात ते बघा. माझ्या संग्रहातला आवडता कागद म्हणजे आजीच्या पेटीत सापडलेली एक लग्नपत्रिका. लेटरप्रेसची, एक ‘श्री’ किंचित वाकडा बसलेला, आणि कोपऱ्यात लावलेली हळद. ती घडीत होती म्हणून हळद अजून पिवळी आहे. उजेडात ठेवली असती तर कधीच उडाली असती. आणि हो, ७५ वर्षांपेक्षा जुनं ऐतिहासिक महत्त्वाचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज हाती लागला तर १९७२ च्या कायद्याने तो पुरावशेष ठरू शकतो. परदेशातल्या मावशीला कुरियर करायचा मोह टाळा.

राहिला नऊ पुस्तकांचा संच. ४५०० म्हणजे एक पाचशेला. हाताने शिवलेलं असेल तर ही किंमत जास्त नाही, दोन इंचाच्या पुस्तकाला मोठ्या पुस्तकाइतकाच वेळ जातो, डोळे जास्त जातात. त्या कारागिराला विचारा: पानं शिवलेली आहेत की नुसती पाठीला चिकटवलेली? कागद कशाने रंगवला? ग्रेन पाठीला समांतर आहे का? तिसऱ्या प्रश्नावर तो उत्साहाने बोलायला लागला तर माणूस कामाचा आहे. ‘व्हिंटेज लूक आहे मॅडम’ एवढंच आलं तर सोडून द्या. पण कामाचा निघाला तरी नऊ घेऊ नका. दोन घ्या, एक चहाच्या रंगाचं आणि एक साध्या कागदाचं, आणि दोन्ही एक नागपुरी पावसाळा तुमच्या घरात काढू द्या. दिवाळीला उघडून बघा आणि मग उरलेल्या सातांचं ठरवा.